‘अनंतदंडा’चा विग्रह : मॉर्मन परलोकविचार आणि भाषांतराचे शब्द

हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या शिबपूर भागात, वनस्पतिउद्यानाच्या शेजारी १५ डिसेंबर १८२० रोजी एका विद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. कलकत्त्याचे पहिले अँग्लिकन बिशप टॉमस मिडल्टन यांनी योजिलेले हे बिशप्स कॉलेज. १८८० मध्ये विद्यालय नदी ओलांडून कलकत्त्यास गेले, त्याच्या गॉथिक वळणाच्या इमारतींत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि आज त्या आवारात एक राष्ट्रीय तंत्रशिक्षणसंस्था नांदते आहे. यंत्रविद्येच्या या आवारात एके काळी देवाच्या नावाचा आणि परलोकवाचक शब्दांचा काथ्याकूट झाला होता, हे आता कोणाच्या ध्यानीमनीही असण्याचे कारण नाही. विद्यालयाचे पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल हे संस्कृताचे जाणकार होते. त्यांनी १८२८ मध्ये एक पुस्तिका सिद्ध केली. भारतातील निरनिराळ्या भाषांत पवित्र शास्त्राची भाषांतरे होत आहेत, तेव्हा त्यांतील धर्मविषयक पारिभाषिक शब्द तरी एकरूप असावेत, आणि ते संस्कृताच्या भांडारातून घ्यावेत, अशी तिची मागणी. होरेस हेमन विल्सन यांचे अभिप्राय तिला जोडलेले होते.

मिल यांची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. परकी कल्पना आली की तिला शब्द सापडत नाही, असे सामान्यतः समजले जाते. धर्माच्या प्रांतात गोष्ट उलटी आहे. येथे शब्द आधीच हजर असतो. आणि हजर असतो म्हणूनच तो घात करतो. ‘स्वर्ग’ म्हणावे तर पुण्य सरताच जेथून खाली यावे लागते असे ठिकाण डोळ्यांपुढे येते; गीतेच्या नवव्या अध्यायाने ते मराठी मनात पक्के बसविले आहे. ‘नरक’ म्हणावे तर तोही मुदतीचा. ‘मोक्ष’ म्हणावे तर भेटणारा आणि भेटावयाचा हे दोन उरतील की नाही अशी शंका. ‘देव’ म्हणावे तर तो अनेकांतला एक. शब्दांचे दारिद्र्य परवडले, पण ही श्रीमंती अवघड.

नदीच्या त्याच तीरावर, थोडे वरच्या अंगास, श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांनी हाच प्रश्न पंडितांच्या साहाय्याने आणि बराचसा घाईने सोडविला होता. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा, आणि वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने सिद्ध झालेला मराठी नवा करार १८११ चा. मराठी गद्याच्या आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी काही अशी बंगालच्या मातीत उगवली. ती भाषा मुंबईकडील लोकांस रुचली नाही, आणि अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार स्वतंत्रपणे छापला, हा इतिहास परिचित आहे. मिल यांना हवी असलेली एकरूपता पुढे कधीच आली नाही. हिब्रू शास्त्रातील जे चार अक्षरांचे नाव यहुदी उच्चारीत नाहीत, त्याच्या ठिकाणी हिंदी व गुजराती भाषांतरांत ‘यहोवा’ आला. बंगालीत ‘सदाप्रभु’ रूढ झाला. मराठीच्या प्रचलित भाषांतराने ‘परमेश्वर’ स्वीकारला. एकाने नावाचा ध्वनी ठेवला, दुसऱ्याने अर्थ शोधला, तिसऱ्याने घरातला थोर शब्द काढून दिला. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने योग्य आहेत, आणि तिन्ही पुढे वेगवेगळ्या ठिकाणी अडतात.

ती कोठे अडतात हे पाहावयाचे तर एखादी अगदी निराळ्या घडणीची ख्रिस्ती कल्पना या शब्दांवर घासून पाहिली पाहिजे. त्या दृष्टीने मॉर्मन पंथासारखी कसोटी दुसरी नाही. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेल्या या पंथाचे अधिकृत नाव लांबलचक आहे, आणि २०१८ मध्ये त्याच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडून ते पूर्ण नावच वापरावे, कारण त्यात येशू ख्रिस्ताचे नाव आहे, असा आग्रह धरला. प्रस्तुत विवेचनात ‘मॉर्मन’ शब्द येतो तो केवळ ऐतिहासिक रूढीने आणि सुटसुटीतपणासाठी.

या पंथाचे प्रचारक भारतात प्रथम आले तेही शिबपुराच्या समोरच. १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्स कलकत्त्यास उतरले. त्या जूनमध्ये तेथे पहिले बाप्तिस्मे झाले. वर्षअखेरीस विल्यम विलिस आले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईस आणि मग पुण्यास गेले, आणि पुण्याच्या छावणीतील युरोपीयांत त्यांनी लहानशी मंडळी जमविली. १८५३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतून प्रचारकांचा मोठा गट कलकत्त्यास पोहोचला. १८५६ पर्यंत हा सारा खटाटोप आटोपला होता, आणि मतांतर केलेल्यांपैकी काही जण यूटाकडे निघून गेले. या माणसांची भिस्त मुख्यतः इंग्रजीवर होती. श्रोते मुख्यतः गोरे शिपाई, अंमलदार आणि त्यांची कुटुंबे. ज्या दशकात शिबपुरास कृष्णमोहन बॅनर्जी अध्यापन करीत होते आणि ख्रिस्ती विचार भारतीय दर्शनांच्या भाषेत कसा मांडावा याचा ध्यास घेत होते, त्याच दशकात नदीपलीकडे हा सर्वांत विलक्षण ख्रिस्ती परलोकविचार सांगितला गेला आणि कोणत्याही भारतीय भाषेत न मुरता परत गेला. साहित्याच्या दृष्टीने ही चुकामूक हळहळ लावणारी आहे. परलोकाच्या कल्पना एकमेकींत कलम करण्याचे सामर्थ्य त्या परिसरात होते. याच बिशप्स कॉलेजात १८४४ ते १८४७ या काळात मायकेल मधुसूदन दत्त ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत शिकले, आणि १८६१ च्या ‘मेघनादवध’ काव्याच्या आठव्या सर्गात त्यांनी रामाला दशरथाच्या भेटीसाठी प्रेतपुरीत उतरविले. व्हर्जिल आणि दान्ते यांची वाट त्यांनी रामकथेत आणून सोडली, आणि बंगाली वाचकाला ती परकी वाटली नाही.

आता मूळ विचाराकडे वळावे. रूढ ख्रिस्ती समजुतीत मरणोत्तर वाटा दोन : स्वर्ग आणि नरक, रोमन कॅथलिकांत मधली एक शुद्धिस्थिती. स्मिथ यांना ही दोन खणांची मांडणी पटली नाही. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी, ओहायोतील हायरम गावी, ते आणि सिडनी रिग्डन बायबलाच्या पाठाची दुरुस्ती करीत असता योहानाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानविषयक वचनापाशी थांबले. प्रत्येकाला आपापल्या करणीप्रमाणे फळ मिळावयाचे असेल, तर ‘स्वर्ग’ या एका शब्दात एकापेक्षा अधिक राज्ये असली पाहिजेत, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्याच प्रसंगी उभयतांना दर्शन झाले, अशी पंथाची श्रद्धा आहे. दर्शनाचा खरेखोटेपणा हा येथे विषय नाही. पण पाठशुद्धीच्या टेबलापाशी, एका शब्दाच्या अपुरेपणातून एक सबंध परलोक जन्मास यावा, ही गोष्ट भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला चटका लावून जाते.

त्या दर्शनात तीन तेजे आहेत. सूर्यासारखे, चंद्रासारखे आणि ताऱ्यांसारखे. पहिले, ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, विधी पाळले आणि करार निभावला त्यांच्यासाठी. दुसरे, जगातल्या सन्मान्य, सज्जन पण भुलविल्या गेलेल्या, अथवा श्रद्धा असूनही नेटाने न उभ्या राहिलेल्या माणसांसाठी. तिसरे लबाड, व्यभिचारी, खोटारडे यांच्यासाठी. आणि गंमत अशी की, दीर्घ यातना भोगून येथे पोहोचणाऱ्या या लोकांचे तेजदेखील मानवी आकलनापलीकडचे असेल असे सांगितले आहे. तेजाला सर्वस्वी मुकणारे अगदी थोडे. पूर्ण ज्ञान झाल्यावर जाणूनबुजून उलटलेले. त्यांच्या वाट्याला बाहेरचा अंधार. म्हणजे ज्या पंथाची ख्याती काटेकोर आचाराबद्दल, त्याचा परलोक कमालीचा उदार आहे.

या तिन्ही राज्यांची इंग्रजी नावे मराठीत आणताना पहिली ठेच लागते. पहिल्या दोन नावांचा उगम पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. पहिल्याला ‘स्वर्गीय’ म्हणता येईल. दुसऱ्याचा कोशातील अर्थ ‘पार्थिव’. परंतु आजच्या मराठीत पार्थिव म्हटले की वृत्तपत्रातील अंत्यदर्शनाची बातमी आठवते. शिवाय अर्थही चुकतो; मॉर्मन मतानुसार ही पृथ्वी शेवटी पहिल्या प्रतीच्या तेजाचे स्थान व्हावयाची आहे, दुसऱ्या नव्हे. तिसरे नाव तर इंग्रजीतही नव्हते. पहिल्या दोहोंच्या यमकावर ते घडविलेले दिसते, आणि त्याला प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. अशा वेळी व्युत्पत्तीचा नाद सोडून उपमा धरणे शहाणपणाचे : सूर्यतेज, चंद्रतेज, तारकातेज. ‘लोक’ हा प्रत्यय लावण्याचा मोह होतो, कारण भूर्लोकापासून सत्यलोकापर्यंतची उतरंड आपल्याकडे तयार आहे आणि बहुस्तरीय परलोक ऐकून मराठी वाचक दचकणार नाही. तो दचकणार नाही, हाच धोका. आपल्या ‘लोकां’त येणेजाणे असते, मॉर्मन तेजात पुन्हा मर्त्य जन्म घेणे नाही.

जन्माविषयीही हीच फसगत. या पंथाच्या मते जीवात्मा जन्माच्या वेळी निर्माण होत नाही. तो आधीपासून देवपित्याच्या सान्निध्यात होता आणि देह मिळविण्यासाठी, अनुभवासाठी येथे आला. त्याला ‘पूर्वजन्म’ म्हटले की सारे मुसळ केरात. तेथे पूर्वी जन्म नव्हताच. जन्मापूर्वीचे अस्तित्व होते. शब्द तेच दोन, क्रम बदलला की सिद्धांत बदलतो : ‘पूर्वजन्म’ आणि ‘जन्मपूर्व’. तसेच, आत्मा हेही एक प्रकारचे सूक्ष्म द्रव्यच आहे, असे १८४३ मधील एका वचनात म्हटले आहे. येथे ‘सूक्ष्मशरीर’ हा शब्द हात जोडून उभा राहतो. पण सांख्यांचे व वेदान्त्यांचे सूक्ष्मशरीर हे आत्म्याचे वेष्टण. मॉर्मन विचारात ते वेष्टण सोलून आत काही निराळे निघत नाही. देवपित्यालाही हाडामांसाचा, परंतु अमर देह आहे असे जे मानतात, त्यांच्यापुढे ‘निर्गुण’ आणि ‘परब्रह्म’ ही आपली मोठी नाणी चालत नाहीत.

या उदार परलोकाच्या मुळाशी एक घरगुती दुःख आहे. स्मिथ यांचे वडील बंधू ॲल्विन १८२३ मध्ये बाप्तिस्मा न घेता वारले, आणि अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने त्यांच्या गतीविषयी जे सूचित केले ते कुटुंबाच्या जिव्हारी लागले, अशी आठवण त्यांच्या धाकट्या भावाने सांगितली आहे. जानेवारी १८३६ मध्ये स्मिथ यांना जे दर्शन झाले, त्यात ॲल्विन सर्वोच्च तेजात दिसले. ज्यांना ऐकण्याची संधीच मिळाली नाही, पण मिळती तर ज्यांनी मनापासून स्वीकार केला असता, त्यांचे काय, हा प्रश्न तेथे सुटला. १८४० च्या ऑगस्टमध्ये एका अंत्यविधीच्या प्रसंगी स्मिथ यांनी मृतांसाठी जिवंतांनी बाप्तिस्मा घेण्याचा विधी प्रकटपणे सांगितला, आणि आरंभी तो मिसिसिपी नदीच्या पाण्यात होऊ लागला.

नेमका हाच प्रश्न एका मराठी पंडिताने ख्रिस्ती मताला विचारला होता. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, चित्पावन ब्राह्मण, यांनी १८४४–४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती प्रचाराच्या खंडनार्थ लिहिला. एकाच जन्माच्या जमाखर्चावर कायमचा नरक देणारा देव दयाळू कसा, ही त्यांच्या आक्षेपांमागची खरी कळ. पुढे १८४८ मध्ये तेच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले आणि पंडिता रमाबाईंच्या मतांतरावर त्यांचा प्रभाव पडला. मतांतर म्हणजे देवबदल एवढेच नव्हे, पितरांपासूनची ताटातूट, ही वेदना एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी चांगलीच भोगली आहे. पितर कोठे आहेत, या प्रश्नाला रूढ मिशनरी उत्तर कठोर होते. मॉर्मन उत्तर तसे नाही. मृत्यूनंतर आणि पुनरुत्थानाआधी आत्मे एका मधल्या जगात असतात. त्याचे दोन भाग, एक विश्रांतीचा, दुसरा ‘बंदिवासा’चा. ३ ऑक्टोबर १९१८ रोजी, महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झाची साथ यांनी जग गांजले असता, पंथाचे वृद्ध अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी या जगाचे दर्शन घेतल्याचे सांगितले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा गेला होता. नोव्हेंबरात तेही गेले. त्या दर्शनात ख्रिस्त बंदिवासातल्यांकडे स्वतः न जाता सज्जन आत्म्यांतून दूत नेमतो, आणि मेलेल्यांत मेलेल्यांकडूनच उपदेश चालू राहतो.

मराठीतील प्रचलित बायबलाने या भागासाठी दोन उत्तम शब्द दिले आहेत : ‘सुखलोक’ आणि ‘अधोलोक’. पहिला येथे जसाच्या तसा चालेल. दुसरा मात्र बंदिवासाच्या कल्पनेला थोडा अंधारा पडतो, कारण या तुरुंगाला बाहेर पडण्याचे दार आहे. आणि त्या दाराशी जिवंत वंशज उभा आहे. ही कल्पना मराठी मनाला कानामागून आलेली वाटणार नाही. महालयेच्या पहाटे हावड्याच्या घाटांवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तर्पण करणारी माणसे पाहावीत; पिता, पितामह, प्रपितामह असा उच्चार, गोत्रासह, नाव घेऊन. पाणी, नाव, आणि मेलेल्याच्या वतीने जिवंताचे शरीर, हे तिन्ही दोन्हीकडे आहेत. भेद मात्र खोल आहे. तर्पणाने पितर तृप्त होतात. त्यांची संमती विचारली जात नाही. मॉर्मन विधीत बाप्तिस्मा हा नुसता देकार असतो, आणि तिकडचा आत्मा तो नाकारू शकतो. तर्पणात तीन पिढ्यांची नावे पुरतात, आणि ज्यांना पाणी द्यावयास कोणी नाही त्यांना बिननावाचीही ओंजळ सोडली जाते. तेथे बिननावाचे चालत नाही. म्हणूनच वंशावळी शोधणारी मंडळी १८९४ मध्ये स्थापन झाली आणि जगभरच्या दप्तरांतील नावे गोळा होऊ लागली. नाव म्हणजे माणूस, अशी ही निष्ठा. तिचे टोक बोचले ते नाझी संहारात मेलेल्या यहुद्यांची नावे त्या यादीत आढळली तेव्हा. प्रत्यक्ष वंशजांनी दिलेली सोडून अशी नावे घेणार नाही, असा करार १९९५ मध्ये करावा लागला. ज्यांना त्यांच्या नावासाठी मारले, त्यांचे नाव परक्या विधीत घेणे हा नाकारता येण्याजोगा देकार असला तरी मागे राहिलेल्यांना तो अपमानच वाटला, आणि तसे वाटणे योग्यच होते.

माणसाच्या नावाला एवढे मोल देणारा पंथ देवाच्या नावाशी कसा वागतो, हे पाहू लागले की परलोक आणि नाम हे दोन विषय अनपेक्षितपणे एकाच वाक्यात भेटतात. १८२९–३० च्या सुमारास स्मिथ यांनी मार्टिन हॅरिस यांना उद्देशून सांगितलेले एक वचन पंथाच्या ‘सिद्धांत आणि करार’ या ग्रंथात आहे. शास्त्रांत ‘अनंत शिक्षा’ असे जे म्हटले आहे, त्याचा अर्थ तेथे असा केला आहे : अनंत हे देवाचे नाव होय, म्हणून अनंत शिक्षा म्हणजे देवाची शिक्षा. तिला अंत नाही, असे कोठेही म्हटलेले नाही. ‘सनातन शिक्षा’ याचाही अर्थ तसाच लावला आहे.

इंग्रजी वाचकाला ही शब्दांची कसरत वाटते, आणि टीकाकारांनी तिला तसे म्हटलेही आहे. इंग्रजीत ते विशेषण आहे, विशेषणच राहणार. त्याचे विशेषनाम करणे म्हणजे भाषेचा हात पिरगळणे. मराठीत मात्र हा अर्थ भाषेच्या अंगावरच घडलेला आहे. अनंत हे येथे देवाचे नाव आहेच. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला त्याच्या नावाचे व्रत होते, आणि घरोघरी मुलांची नावे अनंत असतात. ‘अनंतदंड’ असा समास केला, तर त्याचे दोन विग्रह सरळ होतात. अनंत असा दंड, हा कर्मधारय. अनंताचा दंड, ही षष्ठी तत्पुरुष. पहिल्यात माणूस कायमचा बुडतो. दुसऱ्यात शिक्षा करणारा कोण ते कळते, किती काळ ते कळत नाही. एका विभक्तीच्या अंतरावर आशा उभी आहे. शाळेत रुक्ष वाटणारे समासप्रकरण क्वचितच एवढे जीवनमरणाचे झाले असेल.

अर्थात्, समासाने एखादा अर्थ शक्य होतो, सिद्ध होत नाही. ‘शक्य’ आणि ‘विवक्षित’ यांतील भेद विसरून आपल्याकडेही शब्दांतून हवे ते काढणारे भाष्यकार काही थोडे झाले नाहीत. परंतु त्या वचनात आणखी एक गोष्ट कबूल केली आहे, ती ध्यानात घेण्याजोगी. अशी भाषा मुद्दाम योजली, कारण ती माणसांच्या अंतःकरणावर अधिक परिणाम करते, असा तिचा आशय. मीमांसकांना हे ऐकून नवल वाटले नसते. निंदापर आणि स्तुतिपर वाक्ये वस्तुस्थिती सांगण्यासाठी नसतात. प्रवृत्त किंवा निवृत्त करण्यासाठी असतात, म्हणून ती अर्थवाद, असे ते म्हणत आले. नीळकंठशास्त्र्यांच्या परंपरेतील एखाद्या पंडितापुढे कायमच्या नरकाचे वचन अर्थवाद म्हणून मांडले गेले असते, तर वाद निदान ओळखीच्या रिंगणात झाला असता.

भाषांतराच्या दृष्टीने निष्पन्न एवढेच की, या ठिकाणी मराठी बायबलातील ‘सार्वकालिक’ हा शब्द कितीही रुळलेला असला तरी वापरता यावयाचा नाही. तो कालवाचक आहे, कोणाचे नाव नव्हे. त्याने दुसरा विग्रह बंद होतो. ‘अनंत’ आणि ‘सनातन’ ही दोन विशेषणे घ्यावीत, कारण ती दोन्ही देवाकडेही जाऊ शकतात. समास तसाच मिटलेला ठेवावा. मूळ वचनाने तो उघडेपर्यंत भाषांतरकाराने उघडू नये.

देवाच्या दुसऱ्या एका नावापाशी मात्र मराठीची श्रीमंती आडवी येते. हिब्रू शास्त्रातील चतुरक्षरी नाव आणि ‘एलोहीम’ ही दोन्ही एकाच देवाची, असे सर्वसाधारण ख्रिस्ती परंपरा मानते. मॉर्मन मतात एलोहीम हे पित्याचे नाव आणि यहोवा हे देहधारणेपूर्वीच्या पुत्राचे. १९१६ मध्ये पंथाच्या प्रमुखांनी ही वाटणी अधिकृतपणे स्पष्ट केली. हिंदी भाषांतरकाराला येथे काहीच अडचण नाही. यहोवा हा ध्वनी आहे, तो ज्याला द्यावा त्याचा होतो. पण मराठीत त्या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ आहे आणि एलोहीमच्या जागी ‘देव’. म्हणजे मॉर्मन वाटणी मराठी बायबलावर ठेवली की पुत्र परमेश्वर होतो आणि पिता नुसता देव राहतो. ‘परम’ हा शब्द नेमका चुकीच्या आसनावर जाऊन बसतो. ज्यांनी दोनशे वर्षांपूर्वी नावाऐवजी अर्थ निवडला, त्यांना हे स्वप्नातही दिसले नसेल. त्यांचा दोषही नाही. नाव भाषांतरित केले की ते वर्णन होते, आणि वर्णन जागा बदलून घेत नाही. येथे ‘यहोवा’ हा ध्वनीच पत्करावा लागेल. मराठी कानाला तो कोरडा लागतो हे खरे.

नावाविषयीचा आदर म्हणजे काय, यावरही दोन संस्कृतींचे बोलणे विरुद्ध दिशांनी होते. वारकऱ्याला नाव जितके घ्यावे तितके थोडे. हरिपाठाची सारी रचना पुनरुच्चाराच्या बळावर उभी आहे. मॉर्मन शिस्त उलट. १८३१ च्या एका वचनात वरून आलेली वस्तू पवित्र आहे, ती जपून उच्चारावी, आणि अधिकार नसताना देवाचे नाव घेणाऱ्यांनी सावध असावे, असा इशारा आहे. तरीही ही सरळ विरोधाची जोडी मानणे घाईचे होईल. बंगाली वैष्णवांनी, ज्यांचे कीर्तन हुगळीच्या दोन्ही तीरांवर चालते, नामाचे दहा अपराध मोजून ठेवले आहेत. नामाच्या बळावर पाप करणे हा त्यांतला एक. श्रद्धा नसलेल्यास नामाचा महिमा सांगत सुटणे हा दुसरा. अखंड नाम घेणाऱ्यांनीच नाव घेण्याचे कुंपण घातले. आणि न घेण्यातील आदर मराठी घराला तरी परका कोठे आहे? पतीचे नाव रोज टाळणारी स्त्री ते नाव घेते तेव्हा उखाण्याच्या मखरात बसवून घेते. पत्रात वडिलांचे नाव येत नाही, ‘तीर्थरूप’ येते.

या मखराचेच एक उदाहरण मॉर्मन ग्रंथात आहे, आणि भाषांतरकाराची शेवटची परीक्षा तेथे होते. पंथातील वरिष्ठ याजकपदाचे मूळ नाव देवपुत्राच्या नावाने होते. परंतु परमेश्वराच्या नावाचा वारंवार उच्चार होऊ नये म्हणून प्राचीनांनी त्याला एका थोर याजकाचे नाव दिले, असे १८३५ मधील वचन सांगते. तो याजक मलकीसदेक. देवाचे नाव झाकण्यासाठी माणसाचे नाव वर पांघरले. आता या नावाचा अर्थ नव्या कराराच्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातच दिला आहे : नीतीचा, धर्माचा राजा. अर्थाचा लोभ धरणारा मराठी भाषांतरकार तेथे ‘धर्मराज’ लिहून मोकळा होईल, आणि मृतांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या याजकांची पदवी यमाच्या दारात नेऊन ठेवील. पांघरूण म्हणून आणलेल्या नावाला अर्थ दिसू लागला की ते पांघरूण राहत नाही. तेथे ‘मलकीसदेक’ हा अपारदर्शक ध्वनीच ठेवावा.